गोमाजीचा जामीन

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

गोमाजीला स्वर्ग मिळणार आहे म्हणे. माझ्याच अंगणात, माझ्याच खुर्चीवर बसून, माझ्याच घरचा चहा पीत भुपेंद्र महाराजांनी हे जाहीर केलं. महाराज अजून तिशीतही नाहीत. गळ्यात माळ, हातात भलामोठा मोबाईल. परवापासून आमच्या आसगावच्या देवळात सप्ताह बसतो आहे, त्याचे कीर्तनकार हेच.

गोमाजी माझा धाकटा भाऊ, सख्खा. त्याचं लिव्हर संपलं आहे. पोटात पाणी भरतं, डॉक्टर ते काढतात, पुन्हा भरतं. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्याला घरी न्यायला सांगितलं, आणि त्याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. त्याच्या बायकोने, सुंदरबाईने, महाराजांचे पाय धरले की मरायच्या आधी यांच्या गळ्यात तुळशीची माळ घाला, निदान शेवट तरी मार्गी लागू द्या. महाराज लगेच तयार झाले. फक्त आमच्या भजनी मंडळाची एक जुनी रीत आहे. माळ घेणाऱ्याच्या घरचा एक माळकरी जामीन राहतो. चारचौघांत हात जोडून सांगावं लागतं की हा आता दारू, मटण, मासोळीला शिवणार नाही, आणि शिवला तर ते पाप माझ्या माथी. आमच्या घराण्यात माळकरी एकच आहे, तो म्हणजे मी.

महाराजांना म्हटलं, विचार करून सांगतो. विचार कसला करायचा? माझं उत्तर नाही असंच आहे.

उभा जन्म मी एसटीत कंडक्टर होतो, पवनी डेपोला. शेवटचा थांबा जवळ आला की गाडीत चढून दारात लोंबकळणारे लोक मला चांगले माहीत आहेत. ‘आता तं उतराचंच हाये, तिकिट कायले?’ असं म्हणायचे. मी एकालाही तसा सोडला नाही. आणि हा गोमाजी, जो पोळ्याला बैलांच्या आधी स्वतः डुलत यायचा, तो माझ्याच सहीवर आत जाणार.

बापाने ठेवलेली बोडी आम्हा दोघांची सामाईक. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं, आमच्या धानाचा जीव त्यातच असतो. मी माळ घातली तेव्हा गोमाजीला सांगितलं की आपल्या बोडीतली मासोळी आता मारायची नाही. हो म्हणाला. आणि त्याच साली, धान लोंबीवर आलेलं असताना, या माणसाने मासोळी धरण्यासाठी पार म्हणजे मातीचा बांध फोडून बोडी रिकामी केली. माझ्या बांध्यांना, धानाच्या वाफ्यांना, भेगा पडल्या, लोंब्या पोचट गेल्या. मी जाब विचारायला गेलो तर चुलीपुढे बसून म्हणतो, “दादा, रस्सा घेऊन जाय.” त्या दिवसापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललेलो नाही, आणि त्याचा मला अजिबात पस्तावा नाही.


५ फेब्रुवारी, बुधवार

सप्ताह बसला. आज संध्याकाळच्या प्रवचनात महाराजांनी मुद्दाम स्वर्गाचा विषय घेतला. तिथे राग नाही, मत्सर नाही, भूक नाही, भांडण नाही. बायका माना डोलावत होत्या. यातल्या निम्म्या आज सकाळीच नळावर एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या.

मी उभा राहिलो. विचारलं, महाराज, तिथे वाईट वागायची मुभा असते की नसते? महाराज म्हणाले, वाईट वागायची इच्छाच होत नाही. मी म्हटलं, मग इच्छा काढून घेतलेला माणूस चांगला कसा? ठेचलेला बैल गाईमागे जात नाही, म्हणून काय त्याला ब्रह्मचारी म्हणायचं? पुरुष मंडळी हसली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मी पुढे म्हटलं, आणि जर मुभा असेल, तर उदाहरणार्थ गोमाजी तिथे पोचल्यावर चार दिवसांत मोहाची भट्टी लावेल, मग तुमच्या स्वर्गाचं काय?

पोरगं हुशार आहे, हे लिहावं लागतं. ते शांतपणे म्हणालं, “नत्थूजी, तुम्हाला शेण खायची मुभा आहे. कोणी हात धरलेला नाही. खाता का? मग तुमची मुभा गेली का?”

आता सगळे मला हसले. मी खाली बसलो. घरी येईपर्यंत उत्तर सुचलं. शेण कुणाला गोड लागतं? पाप गोड लागतं, म्हणून तर ते सोडण्याला किंमत. मी मासोळी सोडली तेव्हा आमच्या आळीत रस्सा शिजला की मी दार लावून बसायचो. अजूनही बसतो. स्वर्गात वासच येत नसेल तर मी सोडलं काय? पण हे तिथे सुचलं नाही, घरी सुचलं. बायकोला, सत्यभामेला, सांगितलं तर म्हणाली, जेवून घ्या.


७ फेब्रुवारी, शुक्रवार

चौकात गुलाब मेश्राम भेटला. गुलाब माझ्या गाडीचा ड्रायव्हर होता. अर्धी नोकरी आम्ही एकाच गाडीवर काढली, तो पुढे बघायचा, मी मागे. तो रोज गोमाजीकडे जाऊन बसतो, हे मला आज कळलं. मला न सांगता.

त्याला म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्ही बाबासाहेबांचे लोक, तुम्हाला स्वर्गाची कटकट नाही. तो चहा फुंकत म्हणाला, “ठवकर, तुमच्या स्वर्गात पंगत कशी बसते ते आदी सांग. तेथंबी आमच्या लोकाईले आखरीलेच वाढत असतीन तं तू तेथं कोणाच्या बाजूनं बोलशीन?” मी म्हटलं, तिथे तसं काही नसतं. तो म्हणाला, “म्हंजे तेथले लोक आपल्या गावचे नाहीत.”

कुत्सित माणूस आहे. पहिल्यापासून तसाच आहे. उठताना म्हणाला की गोमाजी तुझं विचारत असतो. मी म्हटलं, विचारू दे.


८ फेब्रुवारी, शनिवार

सत्यभामेशी कडाक्याचं भांडण झालं. ती रोज सकाळी डब्यात तांदळाची पेज घेऊन दिराकडे जाते. मी आजवर कधी अडवलं नाही, हा माझा मोठेपणा. आज परत आल्यावर म्हणाली की जामीन राहा. मी म्हटलं, राहणार नाही, खोटी साक्ष देणाऱ्यातला मी नाही. ती म्हणाली, तो मरून राहिला, आता मासोळी मारायला कुठे जाईल, साक्ष खरीच ठरेल. मी म्हटलं, तेच तर. करताच येत नाही म्हणून नाही करणं, याला सोडणं म्हणत नाहीत.

तिने तांदूळ निवडता निवडता मान वर केली. “तुमी सरगात गेले तं तुमचंच कठीण हाये,” म्हणाली. “तेथं सकाळी उठून कोणावर चिडान?”

मी जेवलो नाही. तिने दुसऱ्यांदा विचारलंही नाही. चार वाजता मुरमुरे खाल्ले.


१० फेब्रुवारी, सोमवार

गोमाजीकडे गेलो. समेटाला नव्हे. बोडीची पार यंदाही खचली आहे, ती त्याच्या बाजूने आहे, तो गेल्यावर दुरुस्तीचं कोण बघणार हे विचारायला. जिवंतपणीच विचारलेलं बरं.

खाटेवर तो ओळखू येत नव्हता. हातपाय काड्या, पोट तेवढं मोठं, डोळे हळदीचे. सुंदरबाई मला पाहून दाराआड झाली. मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्यासमोर आली नाही की माझ्याशी थेट बोलली नाही. आमच्याकडे चांगल्या घरची सून अशीच वागते. काही सांगायचं असलं की भिंतीला सांगते.

गोमाजी म्हणाला, “काय दादा, तिकिट तपासाले आला?”

मी बोलणार नव्हतो, पण पारीचं विचारायचं तर तोंड उघडावंच लागतं. एकदा उघडलं आणि मग राहवलं नाही. माळ तुला पाहिजे आहे का, असं सरळ विचारलं.

“सुंदरीले पायजे.”

“तुले?”

तो आढ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तू तेथं राहशीन काय?”

मी म्हटलं, राहीन. नियमाने वागलो आहे, का नाही राहणार.

“मंग भांडशीन मायासंगं?”

“महाराज म्हनते, तेथं भांडण होत नाही.”

“तं मंग तो तू कायचा?” त्याला धाप लागली. “तुह्या तोंडाचा दुसराच कोनी माह्या बाजूले बसवतीन. गोड गोड बोलन. दादा, मले त्याचं भेव वाटते.”

दारू उतरली नसावी, असं मी मनात म्हटलं. पण त्याने महिनाभरापासून दारू घेतलेली नाही, गिळवतच नाही. त्याला शेवटचं काय खावंसं वाटतं, तर बोडीतला रोहू. हे त्याने मला, माळकऱ्याला, तोंडावर सांगितलं.

मी उठलो तेव्हा दाराआडून सुंदरबाई भिंतीला म्हणाली, “भासऱ्याले सांगा, बुधवारी महाराजासमोर हो म्हना म्हनाव. आजलोक मी काई मांगतलं नाही. जलमभर याइच्यासंगं नरकच पायला. मेल्यावर तरी हे माणूस चांगल्या जागी हाये, एवढं मले मालूम पायजे.”

पारीचं विचारायचं राहूनच गेलं.


१२ फेब्रुवारी, बुधवार, माघी पौर्णिमा

आज काला झाला आणि महाराजांचं पितळ उघडं पडलं.

काल्याच्या कीर्तनात त्यांनी नेहमीची गोष्ट सांगितली. रानात गोपाळांनी सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या. स्वर्गातल्या देवांना त्या काल्याची हाव सुटली. तिथे सगळं आहे, पण काला नाही. म्हणून देव मासे होऊन यमुनेत शिरले, की पोरं हात धुवायला येतील तेव्हा पाण्यातलं खरकटं तरी मिळेल. कृष्णाने ते ओळखलं आणि पोरांना सांगितलं, हात धुवू नका रे, घोंगडीला पुसा.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. हसतही आलो. आज मात्र माझं टाळकं तापलं. मी टाळ खाली ठेवून उभा राहिलो. विचारलं, महाराज, तुम्ही म्हणता तिथे हाव नाही. मग स्वर्गातले देव सोंग घेऊन, लपून, पोरांचं खरकटं चोरायला कसे आले? सोंग घेणं आणि चोरून खाणं, आमच्या गावात तरी याला चांगलं म्हणत नाहीत.

महाराज म्हणाले, “ती देवांची लीला आहे, नत्थूजी. तिला हाव म्हणत नसतात.”

“गोमाजीनं केली तं हाव, आन देवायनं केली तं लीला काय?”

कुणीतरी मुद्दाम जोरात टाळ वाजवला. महाराजांचा चेहरा लाल झाला. कीर्तनात प्रश्न विचारायची पद्धत नाही, असं ते माइकवर म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. ज्याच्या वाणीने सगळे स्वर्गात जाणार त्यालाही राग येतो, हे साऱ्या गावाने पाहिलं. मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही.

काल्यानंतर महाराज माळ घेऊन गोमाजीच्या अंगणात आले, मागे पन्नासेक माणसं. देवळाच्या भोंग्यावरून कीर्तन गोमाजीच्या खाटेपर्यंत ऐकू गेलं होतं. तो लोकांकडे बघून म्हणाला, “मंग मी जलमभर देवच खाल्ले काय?” कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं.

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सुंदरबाई दाराआड होती, पण उंबऱ्यावर तिचे दोन हात टेकलेले दिसत होते, आणि हात हलत नव्हते.

मी हो म्हणालो. हात जोडून सगळं बोललो. हा मासोळीला शिवणार नाही, शिवला तर पाप माझ्या माथी.

का म्हणालो ते नीट सांगता येत नाही. एक तर लोकांसमोर पोरकटपणा नको. दुसरं, मनात आलं की जाऊ दे याला तिथे, जिथे रस्सा नाही, भट्टी नाही आणि कुणाशी भांडायचं नाही. याच्याइतकी शिक्षा गोमाजीला दुसरी कोणती होणार? महाराजांनी माळ घातली. गोमाजी माझ्याकडे असा बघत होता, जसा झोपेत थांबा निघून गेलेला प्रवासी बघतो.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी मुद्दाम गेलो, माळेवर तो काय बडबडतो ते ऐकायला. शिव्या ऐकायची तयारी ठेवून गेलो होतो.

तो खाटेवर हात जोडून होता. म्हणाला, दादा, मी तुझं धान मारलं, माझी चूक झाली, मला माफ कर. तू देवमाणूस आहेस. अगदी असंच, शब्दन्‌शब्द. आवाजात काहीच नव्हतं. सुंदरबाईने पढवलं असेल किंवा महाराजांनी.

मला ते अजिबात आवडलं नाही. इतकी वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली ते समोर पडले आणि मला उचलावेसे वाटले नाहीत. मी म्हटलं, पार तूच फोडली ना? तर म्हणतो, हो दादा. मी म्हटलं, मुद्दाम फोडली? हो दादा. मी त्याला दारुडा म्हटलं, हरामखोर म्हटलं, बापाच्या नावावर गेलो. तो हात जोडूनच होता.

घरी आलो. काहीच करावंसं वाटेना. हा जर आत्ताच असा झाला, तर तिथे माझ्या शेजारी कोण बसणार?


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

काय केलं ते लिहितो.

सुंदरबाई पवनीला औषध आणायला जाणार होती, हे सत्यभामेकडून कळलं. पहाट फुटल्याबरोबर बोडीवर गेलो. पाणी बरंच खाली गेलेलं, मासोळी मधल्या डबक्यात गोळा झालेली. गोमाजीची गरी त्याच्या गोठ्यात टांगलेली असते, ती घेतली. गांडूळ नीट लागेना. माळ आत बनियनमध्ये टाकली.

गुलाब शेताकडे जाताना पारीवर थांबला. त्याने मला पाहिलं, गरी पाहिली. मी म्हटलं, तोंड उघडलंस तर याद राख. त्याने खाली उतरून माझ्या हातातून गरी घेतली, गांडूळ नीट लावलं आणि परत दिली. रोहू तळहाताएवढाच मिळाला.

घरच्या चुलीवर चालणार नव्हतं. मागच्या पडवीत तीन विटा मांडल्या. सत्यभामेने माझ्यामुळेच मासोळी सोडली होती. तिने पाटा धुतला आणि मसाला वाटायला बसली. काही विसरली नव्हती.

डबा घेऊन मी एकटाच गेलो. गोमाजीला वास आधी आला. डोळे उघडले. गळ्यातल्या माळेकडे त्याचा हात गेला. मी म्हटलं, राहू दे, जामीन मी आहे. भात कालवून चारला. गिळायला त्रास होत होता, पण त्याने तोंड मिटलं नाही. डबा रिकामा झाला.

मग म्हणाला, “मीठ कमी हाये, भाड्या.”

मला बरं वाटलं.

कुणाला वाटेल की मी दया केली. तसं काही नाही. मी त्याचं तिकीट रद्द केलं, माझं स्वतःचंही केलं. मुकाट्याने आत जाऊन तो देवमाणूस होणार होता, ते मी होऊ दिलं नाही. बोडीचा हिशोब अजून व्हायचा आहे, आणि तो मला गोमाजीशीच करायचा आहे. दुसऱ्या कुणाशी नाही.


१५ फेब्रुवारी, शनिवार

गोमाजी दुपारी गेला. सुंदरबाईची मांडी उशाला होती. माळ गळ्यात होती. लोक म्हणाले, किती शांत चेहरा.


२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज तेरवी झाली. एवढे दिवस लिहायला बसलो नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

जेवणाआधी भुपेंद्र महाराज बोलायला उभे राहिले. तेही माझ्याकडे हात करूनच. बघा म्हणाले, एक माणूस जन्मभर चुकला, आणि शेवटचे तीन दिवस नेमाने राहिला. त्याच्या थोरल्या भावाने सगळा राग गिळून जामीन दिला, आणि आज गोमाजी तिथे आहे जिथे राग नाही, भूक नाही, भांडण नाही. सुंदरबाई बायकांमध्ये बसली होती. तिने डोळे मिटून हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच थोडा आराम पाहिला. तिचा चेहराच मी पहिल्यांदा पाहिला म्हणा ना. पदर सरकला होता आणि तिला भान नव्हतं.

मी गप्प राहायला हवं होतं. सत्यभामा लांबून डोळ्यांनी तेच सांगत होती. गुलाब मांडवाबाहेर खुर्चीवर होता, तोही मान हलवत होता. पण गोमाजी तिथे हात जोडून ‘हो दादा, हो दादा’ करत बसला आहे, असं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला सहन झालं नाही.

मी उठून म्हणालो, “तो तेथं नाही. माळ घातल्यावर मी त्याले बोडीतली मासोळी चारली. याच हातानं.”

मांडवात एकदम आरडाओरडा झाला. महाराजांनी विचारलं की खोटं तर बोलत नाही ना. मी म्हटलं, मी खोटी साक्ष देत नाही. मग ते हळू आवाजात म्हणाले, त्या माणसाला शेवटी निवड दिली होती, ती तुम्ही हिरावून घेतली. मी म्हटलं, निवड त्याला कुणी दिली होती? माळ सुंदरबाईने निवडली, जामीन तुम्ही निवडला, मी फक्त डबा नेला. तोंड त्याने उघडलं.

मंडळाच्या दोघांनी माझा टाळ काढून घेतला. कुणी म्हणालं, मरत्या माणसाशी वैर साधलं. कुणी पानावरून उठून गेलं.

सुंदरबाई उठून सरळ माझ्यासमोर आली. डोक्यावर पदर नव्हता. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “मले एकच मांगायचं होतं.” नंतर बायकांनी तिला धरून नेलं.

भाताच्या पंगती कशाबशा उठल्या. आम्ही दोघं घरी आलो. सत्यभामेने मला पाणी दिलं आणि आत जाऊन झोपली. मी बरोबर केलं की चूक, हे मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारलं असतं तर आज मी काय सांगितलं असतं ते माहीत नाही.


२ मार्च, रविवार

गावात कुणी बोलत नाही. दुकानात माझी पाळी आली की दुकानदाराला आतलं काम आठवतं. देवळात गेलो तर आपोआप जागा रिकामी होते, ऐसपैस बसायला मिळतं. ज्यांच्याशी मी स्वतः अबोला धरला होता असे काही लोक आहेत, त्यांनाही आता माझ्याशी बोलायचं नाही. हे मला फुकटचं वाटतं.

आज सकाळी सुंदरबाई आली. सत्यभामा नळावर होती. मी पडवीत दाढी करत होतो. नेहमीसारखं खोकून आडोसा करून द्यावा म्हणून उठलो, तर ती अंगणात येऊन उभी. तोंड उघडं, नजर सरळ. भिंत नाही, दार नाही.

“मी तुमाले माफ करत नाही,” म्हणाली.

मी म्हटलं, नको करू.

“एथंबी नाही, आन मेल्यावर जेथं कोठं जाईन तेथंबी नाही. महाराजानं सांगतलं तरी नाही. देवानं सांगतलं तरी नाही.”

मी म्हटलं, बरं.

एवढंच सांगायला आली असेल असं वाटलं. मी वस्तऱ्याचं पाणी झटकलं. ती गेली नाही. तुळशीकडे बघत उभी राहिली. मग विचारलं, त्यांनी खाल्लं का? मी म्हटलं, खाल्लं. सगळं खाल्लं? सगळं. ती म्हणाली, माझ्या हातचं पाणीसुद्धा चार दिवस आत गेलं नव्हतं. मग तिने कोणती मासोळी होती, विचारलं. रोहू, मी म्हटलं. लहानसाच होता.

“रोहूले बारीक काटे लय असते,” ती म्हणाली. “त्याइच्यानं तं घोट गिळल्या जात नोता. काटे कोनं काढले?”

“मीच काढले.”

“सगळे?”

“सगळे. एकेक करून.”

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. माझ्या एका हातात वस्तरा होता, दुसऱ्यावर साबण. मग तिने पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला, पाठ फिरवली आणि गेली.

सत्यभामा पाण्याने भरलेला गुंड घेऊन आली. सुंदरी काय म्हणाली, विचारत होती. मी म्हटलं, काही नाही, मासोळीचं विचारत होती.